गीलकी : फारसीच्या छायेतील कास्पियन किनाऱ्याची भाषा

गोव्याच्या मध्ययुगीन इतिहासात इराणमधील एका लहानशा प्रांताचे नाव ठळकपणे येते. १४७२ मध्ये विजयनगरच्या ताब्यातून गोवे घेणारा आणि त्यापाठोपाठ बेळगावचा किल्ला जिंकणारा बहमनी वजीर महमूद गावान हा कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठावरील गीलान प्रांतातून दख्खनमध्ये आला होता. पुढे १४९० च्या दशकात बहमनी सत्तेविरुद्ध बंड करून गोवे आणि दाभोळ बळकावणारा, १४९४ मध्ये मारला गेलेला सरदार बहादूर गीलानी याच्या तर नावातच तो प्रांत आहे. महमूद गावानाची पत्रे ‘रियाझुल इन्शा’ या संग्रहात आहेत. त्यांत गीलानच्या राज्यकर्त्यांना लिहिलेली पत्रेही असून तीही फारसीतच आहेत. गीलानमध्ये घरी, शेतात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा मात्र फारसीहून वेगळी होती आणि आजही आहे. ती भाषा म्हणजे गीलकी.

इराणमध्ये तिला बहुतेक वेळा ‘बोली’ म्हटले जाते, आणि अनेकांच्या मनात ती फारसीचेच एक ग्रामीण, थोडेसे बिघडलेले रूप असते. भाषाशास्त्राचा निष्कर्ष याच्या उलट आहे. गीलकी फारसीपासून निघालेली नाही. ती फारसीची चुलत बहीण आहे. शब्दसंग्रहात फारसीची दाट छाया असली, तरी तिची मूळ ध्वनिपरंपरा आणि वाक्याची बांधणी स्वतःची आहे. या बांधणीतील काही गोष्टी फारसी वाचकाला परक्या वाटतात, मराठी वाचकाला मात्र त्या घरच्यासारख्या वाटतील.

प्रदेश आणि पोटबोली

गीलानच्या दक्षिणेला अल्बोर्झ पर्वताची भिंत आहे आणि उत्तरेला कास्पियन समुद्र. या दोहोंमधील सखल पट्टा इराणच्या कोरड्या पठाराशी कोणतेच साम्य दाखवीत नाही. अंझली बंदरात वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. घनदाट जंगल, भातशेती, मासळी आणि उतरत्या छपरांची घरे हे येथील जीवनाचे स्वरूप. भातशेताला गीलकीत ‘बिजार’ म्हणतात. सफीद रूद ही नदी मंजीलजवळ पर्वत फोडून या पट्ट्यात उतरते. पठाराकडे जाणारा मोठा मार्गही त्याच खिंडीतून जातो. १५९२ मध्ये शाह अब्बास पहिला याने गीलान सफवी राज्यात पूर्णपणे विलीन केले. तोवर येथे स्थानिक घराणी राज्य करीत होती. पर्वत, जंगल आणि दीर्घकाळचे राजकीय वेगळेपण यांमुळे भाषेलाही स्वतःच्या वाटेने वाढण्यास अवसर मिळाला.

सफीद रूदने प्रांताचे जुन्या काळी दोन भाग केले होते : पूर्वेकडचा ‘बियापीश’ आणि पश्चिमेकडचा ‘बियापस’. भाषेचे आजचे भागही साधारण तसेच आहेत. रश्त, अंझली, फूमन या परिसरातील पश्चिम गीलकी आणि लाहीजान, लंगरूद या भागातील पूर्व गीलकी हे दोन मुख्य प्रकार. डोंगरातील गुराखी समाजाला ‘गालेश’ म्हणतात आणि त्यांची बोली ‘गालेशी’ या नावाने ओळखली जाते. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपल्याकडील निरीक्षण तेथेही खरे ठरते. पूर्वेकडे रामसर आणि तोनेकाबून येथे पोहोचेपर्यंत गीलकी हळूहळू माझंदरानीत मिसळू लागते, आणि एक कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली हे रेषेने दाखवता येत नाही. २०१६ च्या जनगणनेत गीलान प्रांताची लोकसंख्या सुमारे २५ लाख ३० हजार होती. त्यांत गीलकी भाषकांबरोबर तालिश, अझरबैजानी तुर्की, ताती आणि कुर्दी बोलणारेही आहेत.

कूळ : फारसीची कन्या नव्हे

इराणी भाषा आणि संस्कृतोद्भव भारतीय भाषा या एकाच आर्य शाखेच्या दोन फांद्या आहेत. इराणी फांदीच्या पश्चिम भागाचे पुन्हा दोन गट पडतात. फारसी ही नैर्ऋत्य गटातील भाषा असून तिचा उगम दक्षिणेकडील पार्स प्रांतात झाला. गीलकी, माझंदरानी, तालिश, कुर्दी आणि बलुची या वायव्य गटात मोडतात. मुंबई, पुणे आणि हैदराबाद येथे ज्यांच्या चहाच्या दुकानांनी आपली ओळख निर्माण केली, त्या झरथुश्त्री इराण्यांची यझ्द व केरमान येथील जुनी घरगुती बोलीही याच वायव्य गटाची आहे. म्हणजे फारसी ही राज्याची आणि ग्रंथांची भाषा झाली, तरी इराणच्या मोठ्या भूभागावर तिच्या खाली दुसऱ्या कुळशाखेचे थर टिकून होते.

हा फरक काही शब्दांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. (पुढील उदाहरणांतील ‘झ’ हा ‘झरा’ या शब्दातील उच्चाराच्या जवळचा समजावा.) जावयाला फारसीत ‘दामाद’ म्हणतात, तर गीलकीत ‘झामा’. अवेस्तातील ‘झामातर’ आणि संस्कृत ‘जामातृ’ हे याच शब्दाचे जुने अवतार. मराठी ‘जावई’ त्याच ‘जामातृ’पासून आलेला. मूळ ध्वनीचा फारसीत ‘द’ झाला, वायव्य गटात ‘झ’ राहिला.

दुसरी खूण शब्दारंभीच्या ‘व’ची. फारसीत जुन्या ‘व’चा ‘ब’ किंवा ‘ग’ झाला. कास्पियन काठाच्या बोलींनी तो पुष्कळ ठिकाणी जपला. फारसी ‘बर्फ’ येथे ‘वर्फ’ होतो, पावसाचा ‘बारान’ येथे ‘वारश’ असतो, वाऱ्याचा ‘बाद’ हा ‘वा’ असतो. संस्कृत ‘वात’ आणि मराठी ‘वारा’ यांच्याशी या ‘वा’चे नाते उघड आहे. लांडग्याला फारसीत ‘गोर्ग’ म्हणतात, तर कास्पियन बोलींत ‘वर्ग’. संस्कृतात तोच ‘वृक’. कास्पियनच्या आग्नेय कोपऱ्यातील प्रदेशाचे प्राचीन नाव ‘वर्काना’, म्हणजे लांडग्यांची भूमी, असे होते. त्याचेच आजचे फारसी रूप ‘गोर्गान’ आहे. एका नावाच्या दोन अवस्थांत ‘व’कडून ‘ग’कडे झालेला हा प्रवास दिसतो.

काही वेळा शब्द एकच असतो, पण अर्थ वेगळ्या दिशेने गेलेला असतो. फारसी ‘शोदन’चा आजचा अर्थ ‘होणे’. जुन्या काळी त्याचा अर्थ ‘जाणे’ होता. गीलकीने तो जुना अर्थ सोडला नाही. ‘मी गेलो’ हे गीलकीत ‘बुशोम’ असे होते, फारसीत मात्र त्यासाठी ‘रफ्तम’ हे अगदी वेगळे क्रियापद वापरावे लागते. हा धातू संस्कृत ‘च्यु’चा भाऊबंद आहे, मराठीतील ‘च्युत’ हा शब्द त्याच घराण्यातला.

वाक्याची बांधणी : विशेषण आधी की नाम आधी?

शब्दांपेक्षाही गीलकीचे वेगळेपण तिच्या रचनेत अधिक आहे. फारसीत नाम प्रथम येते आणि त्याचे विशेषण किंवा त्याचा स्वामी नंतर. दोघांना जोडणारा ‘-ए-’ मध्ये असतो. ‘दिवाण-ए-आम’ आणि ‘तख्त-ए-ताऊस’ या शब्दप्रयोगांमुळे ही रचना मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. दिवाण आधी आणि तो कोणता हे नंतर. तख्त आधी आणि ते मोराचे हे नंतर.

गीलकीत हा क्रम उलटा आहे, म्हणजे मराठीसारखा. ‘माझी आई’ हे फारसीत ‘मादर-ए-मन’ होईल. गीलकीत ‘मी मार’. ‘माझे वडील’ म्हणजे ‘मी पेर’, ‘तुझे’ म्हणजे ‘ती’. मराठी कानाला ‘मी’ हा शब्द कर्त्याचा वाटेल. येथे त्याचा अर्थ ‘माझा’ असा आहे. कर्ता असलेला ‘मी’ गीलकीत ‘मन’ आहे. ‘लाल फूल’ फारसीत ‘गोल-ए-सोर्ख’, तर गीलकीत ‘सुर्ख-अ-गुल’. रश्तचा बाजार फारसीत ‘बाजार-ए-रश्त’, गीलकीत ‘रश्त-अ-बाजार’. दोन्हीकडे मध्ये एक ऱ्हस्व स्वर दिसतो, पण त्याचे काम वेगळे आहे. फारसीतील ‘ए’ नामाला लागतो; गीलकीतील ‘अ’ विशेषणाला किंवा षष्ठीतील शब्दाला लागतो, साधारण आपल्या ‘रश्तचा’मधील ‘चा’ लागतो त्या जागी.

संबंध दाखवणाऱ्या शब्दांचेही तसेच. फारसीत ते नामाच्या आधी येतात, गीलकीत बहुधा नंतर. ‘घरात’ हे फारसीत ‘दर खाने’; गीलकीत ‘खाने मियान’. ‘माझ्याबरोबर’ हे फारसीत ‘बा मन’. गीलकीत ‘मी अमरा’. मराठीतील शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून चिकटतात, त्याच पद्धतीने ही वळणे तयार होतात.

क्रियापदातही स्वतंत्र वैशिष्ट्ये आहेत. संस्कृत धातूंना ‘प्र’, ‘वि’, ‘आ’ असे उपसर्ग लागून अर्थ बदलतो, तसे गीलकी क्रियापदांना ‘द-’, ‘फ-’, ‘व-’ असे उपसर्ग लागतात. ‘बकफ्तन’ म्हणजे पडणे. ‘दकफ्तन’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आत पडणे. ‘फदान’ म्हणजे देणे आणि ‘फगिफ्तन’ म्हणजे घेणे. चालू असलेली क्रिया सांगण्यासाठी पश्चिम गीलकीत ‘आत असणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात. ‘खोर्दन दरम’ म्हणजे शब्दशः ‘खाण्यात आहे’, अर्थात ‘खात आहे’.

या भाषेत आपल्या ‘अ’च्या जवळचा एक आखूड, मध्यवर्ती स्वर वारंवार येतो. फारसी लिपीत त्यासाठी स्वतंत्र चिन्ह नाही, त्यामुळे गीलकी लिहिताना लेखकांना अडचण पडते. एकच शब्द निरनिराळ्या लेखकांकडून निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो आणि लेखनाची एकसूत्रता हा तेथील साहित्यिकांचा जुना वादविषय आहे.

शेजारी आणि त्यांच्याशी देवाणघेवाण

पूर्वेकडील माझंदरानी ही गीलकीची सर्वांत जवळची नातलग. विशेषण आधी, नाम नंतर हा क्रम तिच्यातही आहे. या दोघींना मिळून ‘कास्पियन भाषा’ म्हटले जाते.

वायव्येकडील तालिश ही इराण आणि अझरबैजान प्रजासत्ताक अशा दोन्ही देशांत बोलली जाते. ती वायव्य गटातीलच, पण गीलकीपेक्षा काही बाबतींत अधिक जुन्या वळणाची. ‘रामाने आंबा खाल्ला’ या मराठी वाक्यात भूतकाळामुळे कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘राम आंबा खातो’ यात लागत नाही. तालिशमध्येही सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता वेगळ्या विभक्तीत जातो. गीलकीने आणि फारसीने ही पद्धत सोडून दिली आहे. त्यामुळे मराठीच्या चष्म्यातून पाहता नामाच्या रचनेत गीलकी जवळची वाटते आणि भूतकाळाच्या रचनेत तिची शेजारीण तालिश. या साम्यांचा अर्थ मराठीशी विशेष जवळीक असा नाही; दूरच्या नातलगांनी आपापल्या ठिकाणी जपलेली किंवा कमावलेली ही वैशिष्ट्ये आहेत.

पश्चिमेकडून अझरबैजानी तुर्कीचा संपर्क आला. ती इराणी कुळातील नाही, पण तिच्यातही विशेषण नामाच्या आधीच येते. तुर्कीतून आलेला ‘कातोक’ हा शब्द गीलानच्या स्वयंपाकघरात रुळला. भाताबरोबर खायच्या पातळ पदार्थाला, म्हणजे आपल्या कालवणाला, तो लावला जातो. ‘बाकला-कातोक’ हे शेंगेतील दाण्यांचे कालवण प्रसिद्ध आहे. अंझली बंदरातून रशियाशी व्यापार चाले, म्हणून टोमॅटोला ‘पामादोर’ असा रशियन वळणाचा शब्द येथे ऐकू येतो. ‘तोर्शे तरे’ या आंबट पालेभाजीच्या नावात ‘आंबट’ आधी आणि ‘भाजी’ नंतर आहे. फारसीच्या नियमाने तो क्रम उलटा झाला असता. पदार्थांच्या नावांत भाषेचे व्याकरण असे टिकून राहिले आहे.

कॉकेशसचा धागा

कास्पियन भाषांतील हा शब्दक्रम आला कोठून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डोनाल्ड स्टिलो यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी हा टापू दोन प्रकारच्या रचनांमधील संक्रमणाचा पट्टा असल्याचे दाखवले आहे. एका बाजूला फारसी आणि अरबी यांची नाम आधी ठेवणारी रचना, तर दुसऱ्या बाजूला तुर्की, जॉर्जियन आणि आर्मेनियन यांची विशेषण आधी ठेवणारी. अशा सीमेवर शेकडो वर्षे राहणारी भाषा कुळाने एका बाजूची आणि सवयीने दुसऱ्या बाजूची होऊ शकते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या चर्चेत भर घातली. गीलक आणि माझंदरानी पुरुषांचा पितृवंश दक्षिण कॉकेशसमधील लोकांशी अधिक जुळतो, तर मातृवंश इराणी शेजाऱ्यांशी, असे त्यात आढळले. त्यावरून संशोधकांनी मांडलेला तर्क असा की कॉकेशसकडून आलेल्या समूहाने येथील स्त्रियांशी विवाहसंबंध जोडले आणि पिढ्यांच्या ओघात स्थानिक इराणी भाषा स्वीकारली. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तरीही भाषेची वंशावळ आणि तिच्या भाषकांची वंशावळ नेहमी एकच असते असे नाही, हे त्यातून लक्षात येते.

लिखित परंपरा : थोडी, पण तुटलेली नाही

कास्पियन भाषांना साहित्याचा वारसा नाही, असे नाही. ‘मर्झबाननामा’ हा प्रसिद्ध नीतिकथासंग्रह मूळ तबरी, म्हणजे जुन्या माझंदरानीत रचला गेला होता. तेराव्या शतकात त्याचे फारसी रूपांतर झाले आणि मूळ ग्रंथ मात्र लुप्त झाला. गीलकीत पीर शरफशाह दुलाई या मध्ययुगीन सुफी कवीची रचना आजही आदराने वाचली जाते.

युरोपीय अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात इकडे वळले. रश्तमधील रशियन वकिलातीत काम केलेले पोलिश विद्वान अलेक्झांडर खोजको यांनी कास्पियन काठावरील लोकगीतांचे नमुने १८४२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. डेन्मार्कचे आर्थर क्रिस्तेन्सेन यांनी १९३० मध्ये रश्तच्या बोलीचे वर्णन छापले, तर मॉस्कोहून १९७१ मध्ये रास्तोर्गुयेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गीलकीचे सविस्तर व्याकरण आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी गीलान हे राजकीय चळवळीचे केंद्र होते. मिर्झा कूचिक खान यांच्या ‘जंगली’ चळवळीने १९२० मध्ये येथे अल्पजीवी सोव्हिएत प्रजासत्ताकही उभे केले. चळवळीच्या नावातील ‘जंगल’ हा शब्द भारतीय भाषांतूनच फारसीत गेलेला आहे. या चळवळीचे ‘जंगल’ नावाचे वृत्तपत्र होते आणि ते फारसीत निघत असे. ज्यांच्या लढ्याला गीलानच्या गावागावांतून बळ मिळाले, त्यांनाही छापील शब्दासाठी गीलकी पुरेशी वाटली नाही.

गीलकीला आधुनिक आवाज दिला तो मोहम्मद अली अफ्राश्ते (१९०८-१९५९) या रश्तच्या कवीने. शेतकरी आणि कष्टकरी यांची दुःखे त्यांनी उपहासाच्या अंगाने गीलकीत मांडली. अहमद आशुरपूर यांच्या गायनाने गीलकी लोकगीते प्रांताबाहेर पोहोचली. १९९२ पासून रश्तहून निघू लागलेल्या ‘गीलेवा’ या नियतकालिकाने गीलकी लेखनाला हक्काचे व्यासपीठ दिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘गीलानचा वारा’. फारसीच्या ‘बाद’ऐवजी ‘वा’ आणि फारसीच्या उलट, विशेषण आधी असलेला क्रम : या भाषेची दोन्ही ओळखचिन्हे त्या एका नावात एकत्र आली आहेत.

आजची स्थिती

१९७९ च्या इराणी राज्यघटनेतील अनुच्छेद १५ नुसार फारसी ही राजभाषा असून शाळांतील पाठ्यपुस्तके तिच्यातच असावीत असे बंधन आहे. प्रादेशिक भाषांचा वृत्तपत्रांत व प्रसारमाध्यमांत वापर करण्यास आणि शाळांत त्यांचे साहित्य शिकवण्यास त्याच अनुच्छेदाने मुभा दिली आहे. परंतु मुभा असणे आणि व्यवस्था असणे यांत अंतर असते. गीलकीला शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थान नाही. कचेरी, परीक्षा आणि नोकरी यांची भाषा फारसीच आहे.

शहरांतील अनेक आईवडील आपसात गीलकी बोलतात आणि मुलांशी मात्र फारसी. यामागे एक सामाजिक कारणही आहे. इराणमध्ये रश्तच्या लोकांवर रचलेले विनोद सर्वत्र प्रचलित आहेत आणि गीलकी वळणाची फारसी हा थट्टेचा विषय ठरतो. आपल्या मुलाच्या वाट्याला ती थट्टा येऊ नये, या काळजीपोटी घरातली भाषा गप्प होते.

फारसीशी असलेले साम्य हाच येथे गीलकीचा मोठा धोका ठरतो. तुर्की बोलणारा माणूस फारसीकडे वळला, तर आपण भाषा बदलली हे त्याला कळते. गीलकीत मात्र एकेक शब्द फारसी होत जातो, मग क्रम फारसी होतो. ‘वर्फ’चा ‘बर्फ’ होतो आणि ‘मी मार’च्या जागी ‘मादर-ए-मन’ येते. प्रत्येक पाऊल इतके लहान असते की भाषा सुटते आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. उरते ती गीलानी ढंगाची फारसी. तिलाच पुढे ‘गीलकी’ म्हटले जाऊ लागले, तर ही बोली म्हणजे फारसीचेच बिघडलेले रूप हा मूळचा गैरसमज कालांतराने खरा ठरेल.

इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या गीलान प्रांतासाठीच्या वाहिनीचे नाव ‘बारान’ असे आहे. पावसाच्या प्रदेशाला शोभणारे हे नाव आहे, पण तो शब्द फारसी आहे. गीलकीत पावसाला ‘वारश’ म्हणतात. भाषा की बोली, हा प्रश्न गोमंतकीय वाचकाला नवा नाही. गीलकीच्या बाबतीत भाषाशास्त्राने त्याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर टिकायचे की नाही, हे रश्त आणि लाहीजानच्या घरांत आई आपल्या मुलाला पावसाचे नाव कोणत्या भाषेत सांगते यावर ठरेल.